अण्णा गेलेत रे

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी हातातला चहा खाली ठेवा. फक्त एका शब्दापायी मी एका माणसाला एकाच दिवसात निवडून आणलं, मारलं आणि पाडलं. आणि तो माणूस तेवढा वेळ घरी बसून भाकरी खात होता!

माणूस म्हणजे आमचे अण्णा. माझे थोरले चुलतभाऊ. हुबळीच्या बाजारात कापडाचं दुकान, राहायला उणकलला. विधानसभेला दोनदा उभे राहिले आणि दोनदा थोडक्यात पडले. तिसऱ्यांदा अर्ज भरला तेव्हा वहिनींनी देवासमोर वदवून घेतलं, की या खेपेला पडलात तर निवडणुकीचं नाव पुन्हा काढायचं नाही. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

आणि लढत कशी? तिघं उमेदवार, तिघंही तोडीस तोड. एकेका मतासाठी मारामारी. आमचं घर अण्णांचं, हे सगळ्या गावाला ठाऊक, तरी बाकीचे दोघे येऊन माझ्या आईच्या पाया पडून गेले. एकदा नाही, तीन-तीनदा. शेवटी शेवटी तर गल्लीत जीप वाजली की आई खुर्चीत बसून पाय पुढं करून ठेवायची. ऐंशी वर्षांत एवढा मान कधी मिळाला नाही म्हणायची.

मतमोजणी होती धारवाडला. आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून मला गेटबाहेर उभं केलेलं. काम एकच. लाऊडस्पीकरवर फेऱ्यांचे आकडे ऐकायचे आणि शेवटचा निकाल लागला की बाजारात ईरप्पाला फोन करायचा. ईरप्पा म्हणजे अण्णांचा लहानपणापासूनचा दोस्त, कन्नड माणूस, पण मराठी आपल्याइतकंच येतं. ट्रक, बँड, गुलाल, पेढे, सगळं त्याच्या ताब्यात. अण्णांनी त्याला बजावून ठेवलं होतं, की दत्तूचा, म्हणजे माझा, फोन आल्याशिवाय ढोलावर काठी पडता कामा नये.

माझीच निवड का? कारण मी स्वतःच पुढं पुढं केलं होतं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. माझ्याकडून बोलण्यात चूक व्हायची नाही, असं मी चारचौघांत छातीला हात लावून सांगितलेलं.

दुपारपर्यंत जीव टांगणीला. एका फेरीत अण्णा पुढं, पुढच्या फेरीत मागं. अण्णा बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. शुगरचा त्रास, पहाटेपासून पोटात काही नाही, आणि चक्कर यायला लागलेली. मी म्हटलं, अजून बऱ्याच फेऱ्या आहेत, घरी जाऊन दोन घास खाऊन या. कसेबसे तयार झाले आणि गाडीत बसून गेले.

आता वहिनींना कळवायला नको? त्यांचा फोन सारखा दुसऱ्या कॉलवर. मग मी ईरप्पाला लावला. नेमकी त्याच वेळी समोरच्याला आघाडी मिळाली आणि त्याच्या पोरांनी माझ्या कानाशी फटाक्यांची माळ लावली. मी जीव खाऊन ओरडलो, “ईरप्पा, अण्णा गेलेत रे! वहिनींना सांग, पान वाढायला घ्या म्हणावं!”

ईरप्पाला ऐकू आलं, “अण्णा गेल्तार.”

आता कन्नडात गेल्तार म्हणजे काय? जिंकतायत! माझं ‘गेलेत रे’ त्याच्या कानात शिरलं ते ‘गेल्तार’ होऊन. पुढचं सगळं फटाक्यांत बुडालं, आणि फटाके तर त्याला आपलेच वाटले. “भले!” म्हणून त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, किती चटकन कळतं याला.

पाव तासानं बाजारातल्या एका ओळखीच्याचा फोन आला. अभिनंदन म्हणाला, पेढा ताजा आहे म्हणाला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ईरप्पानं माझ्या ‘गेलेत रे’चं ‘गेल्तार’ केलं.

लगेच ईरप्पाला फोन लावला. तो ट्रकवर नाचत होता, म्हणून फोन उचलला वहिनींच्या भावानं. अळणावरचे मामा, खास मिरवणुकीसाठी आलेले. मी मनाशी ठरवलं, आता कन्नडचा एक शब्द नको. घोटाळा तिथंच होतो. शुद्ध मराठीत सांगू.

“मामा, गडबड झालीय. अण्णा गेल्तार नव्हे, अण्णा गेले.”

तिकडं ढोल वाजतच होता. मामा बारीक आवाजात म्हणाले, “कधी?”

“झाला की अर्धा तास.”

“कशानं रे?”

“शुगर. चक्कर आली.”

“जवळ कोण होतं?”

“मीच होतो. सोबत येतो म्हटलं, खरं ते म्हणाले, तुझं काम अजून राहिलंय, तू थांब.”

मामांनी हंबरडा फोडला. तोही ट्रकवर, माईकसमोर.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण इतक्या जणांनी इतक्यांदा ऐकवलंय की पाहिल्यासारखंच आहे. ट्रक उणकलला दारात उभा राहिला तेव्हा पुढची माणसं गुलालात न्हालेली आणि मागची रडत असलेली. बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना. वहिनी दारात थिजलेल्या. आणि अण्णा ताट मांडीवर घेऊन, हातात भाकरीचा तुकडा धरून सगळ्यांकडं बघतायत. मामांनी धावत जाऊन त्यांना मिठी मारली, ती ताटासकट.

मग मला अण्णांचा फोन आला. आवाज अगदी शांत.

“दत्तू, मी गेलो म्हणे. कुठं गेलो तेवढं सांग, म्हणजे तसे कपडे घालतो.”

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. अजून निकालच लागला नाही म्हटल्यावर अण्णांनी हात जोडून सगळ्यांना घरी पाठवलं. कुणी काही बोलू नका म्हणाले. झालं! लोकांनी काय अर्थ घ्यायचा तो घेतला. पडले बिचारे, सांगायला लाजतायत. चार वाजेपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं, अण्णा तिसऱ्यांदा पडले.

आणि साडेचारला अण्णा निवडून आले! एका लग्नाच्या पंगतीला बसतील एवढ्या मतांनी. समोरच्यानं फेरमोजणी मागितली, तरी आकडा तोच. मी गेटला धरून रडलो, खोटं कशाला सांगू?

अण्णांना फोन केला. “झोपू दे मला,” म्हणून त्यांनी ठेवून दिला. दुसऱ्यांदा वहिनींनी उचलला आणि मायेनं म्हणाल्या, “भावजी, तुम्ही पण थोडं पडा. सकाळपासून उपाशी असाल.” तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. आत अधिकारी प्रमाणपत्र घेऊन बसलेले. शेवटी पडलेल्या उमेदवारानंच अण्णांना अभिनंदनाचा फोन केला, तेव्हा ते निघाले. सख्ख्यासारख्या भावावर नाही, पण विरोधकावर विश्वास बसला!

संध्याकाळी परतताना बँड नाही, गुलाल नाही, पेढे तर दुपारीच संपलेले. एका गाडीत आम्ही दोघं, आणि अण्णांच्या गळ्यात एक हार. बाजारात दुकानदार गाडी थांबवून खिडकीशी यायचे, अण्णांचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वेळी नक्की. नवे आमदार सगळ्यांना हात जोडत होते. सातवं सांत्वन झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते हसले म्हणून मी आज तुमच्यासमोर तोंड उघडतोय.

घरी बायकोनं गरम भात वाढला आणि शेजारी बसून म्हणाली, जाऊ दे हो, तुम्ही तरी किती धावणार. मी म्हटलं, अगं, निवडून आलेत. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

सकाळी पेपर आला. पहिल्याच पानावर अण्णांचा फोटो, वर मोठ्या अक्षरांत विजयाची बातमी. मी एक शब्द न बोलता तो तिच्यापुढं धरला. तिनं बातमी वाचली. परत एकदा वाचली. पेपराची घडी घातली आणि मला विचारलं,

“पेपरवाल्यांना पण तुम्हीच फोन केला होतात काय?”