रुखवतातले शाडूचे लाडू

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडं खडी फोडणाऱ्या मनकर्णाबाईंना नागापूरच्या कारखान्यातला जावई मिळाला. लगेच विहीणबाईंचा निरोप आला, "रुखवत शहरावानी झोकात पायजे." झोकात! इथं घरात साखरेचा कण नव्हता.

मनकर्णाबाईंनी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या गोड पिठाचे अकरा लाडू वळले आणि रुखवताच्या ताटात वर ठेवले. खालचे सगळे शाडूचे, रंगवलेले. मांडवात कुणा हौशी बाईनं सुबक दिसतात म्हणून नेमके शाडूचेच वर रचले.

विहीणबाईंनी त्यातलाच एक उचलून दात रोवला. कर्रकन वाजलं. मनकर्णाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. मोडलं लग्न!

विहीणबाईंनी डोळे मिटून घास गिळला. "ग्वाड झालाय. बाकीचे माज्या घरी बांधून द्या. हितं कुनाला वाटू नगा."