दाजीच्या गाठीला हात लावायचा नाही

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. आमच्या शेजारच्या आवडाबाई म्हणायच्या, "बांदून बगा, पन नवऱ्याच्या संगतीनं बांदू नका." म्हणताना हसायच्या. पण ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात ही बाई महिनाभर धड झोपली नव्हती.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या नवऱ्याच्या, दाजीच्या तोंडून यातलं अवाक्षर कधी निघालं नाही. दाजीला मी मुद्दाम अरेतुरे करते आहे. म्हातारपणी तो फार गोड माणूस झाला, पण १९२९ सालच्या दाजीला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही.

दाजी रत्नागिरीच्या मांडवीतला खलाशी. मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीवर, दोर बांधावेत तर त्यानंच. दोर आधी पाण्यात चांगला भिजवायचा, मग असा आवळायचा की सुईसुद्धा शिरू नये. त्याच्या गाठीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्याचा नियम, आणि मचव्याचा मुख्य, तांडेलसुद्धा तो मुकाट पाळायचा. उन्हात पडून राहिलेल्या मचव्याचे दोर निघताना पुन्हा आवळायचे असतात, हे मांडवीत शेंबड्या पोराला ठाऊक. पण दाजीची गाठ म्हटल्यावर कोण आवळणार? आणि दाजी स्वतः कशाला तपासणार?

त्या उन्हाळ्याच्या तीन वर्षं आधी चैत्रात तो मचवा दाभोळच्या खाडीत आठ दिवस उन्हात उभा होता. निघायच्या दिवशी शीड चढवलं आणि शिडाचं आडवं लाकूड बांधणीतून निसटून बाबल्याच्या मांडीवर आलं. बाबल्या म्हणजे दाजीचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचा पाय कायमचा गेला. गाठ पाहिली, तर जशीच्या तशी. दाजी सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी गाठ सुटली नाय. बाबल्यानंच दोराला हात लावलान आनि ढिला केलान." बाबल्या तापानं फणफणत होता, तो काय बोलणार? पुढं तो मांडवीतच, दाजीपासून चार घरं पलीकडे, जाळी विणत बसू लागला. दाजी त्याच्या दारावरून जाताना मान फिरवायचा.

मग दाजीचा मामा वारला आणि त्याचं मांडवीतलंच जुनं घर दाजीकडे आलं. जांभ्या दगडाच्या भिंती शाबूत होत्या, पण खांब नि वासे वाळवीनं खाल्लेले. राहतं झोपडं दाजीनं भावाला देऊन टाकलेलं, त्यामुळं जायला दुसरी जागा नाही. म्हणून निम्मं घर उकलायचं आणि निम्म्यात राहायचं, असं ठरलं. आवडाबाईंनी माती वाहिली, तुडवली, भिंती लिंपल्या, जमीन चोपली. सकाळी दाजी दुसऱ्याच्या होडीवर मासे मारायला जायचा आणि दुपारनंतर खांब नि वासे चढवायचा.

काशीराम सुतार एकदा येऊन पाहून गेला. "दाजी, वाशाला लाकडाची खुंटी मार. घराला दोर चालत नाय."

"दर्यात टिकते ती गाठ जमिनीवर सुटंल व्हय?" दाजी म्हणाला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा. घराच्या माथ्यावरच्या आढ्याला त्यानं अठराच्या अठरा वासे तागाच्या ओल्या दोरांनी बांधले, वर कौलं चढवली आणि बायकोलाही बजावलं, दोरांना हात लावायचा नाही.

पंधरा दिवस झाले असतील. आवडाबाई भाकरी थापत होत्या, तेवढ्यात पिठात कौलाचा तुकडा पडला. वर पाहिलं, तर चुलीवरचा वासा दोन बोटं खाली सरकलेला. त्यांनी शिडी लावली. गाठ पक्की होती, पण दोराखाली बोट सहज गेलं. वैशाखाचं ऊन आणि चुलीची धग यांनी दोर सुकून सैल पडला होता.

छपराची भीती तर वाटलीच. पण शिडीवर त्यांना त्याहून वाईट काही कळलं. गाठ जशीच्या तशी आणि दोर ढिला! मचव्यावर हेच झालं होतं. बाबल्यानं कशालाही हात लावला नव्हता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी चिडून विचारलं.

"गो, ह्येंच्याकडं दुसरं काय व्हतं?" त्या म्हणाल्या. "त्या गाठीच्या जोरावर मानूस गावात मान वर करून चालत व्हता. ती सांगून कशी काडून घेऊ?"

त्यांनी वासा ढकलून जागेवर नेला आणि दोरावर तांब्याभर पाणी ओतलं. थोड्या वेळानं दोर पुन्हा टणक झाला. झालं, त्या दिवसापासून हा उद्योग सुरू झाला. दाजी होडीवर गेला की बांबूला ओली चिंधी बांधून अठरा दोर भिजवायचे. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा सुकायचे. दाजी विचारायचा, जमीन ओली कशी? त्या म्हणायच्या, कोळिष्टकं काढली. माहेरी जाणं नाही, बाजारात फार वेळ थांबणं नाही. जरा कुठं करकर वाजलं की आधी वर बघायच्या. आणि बाबल्या दारात जाळं घेऊन बसलेला दिसला की त्या खाली मान घालून पुढं जायच्या. आपण नवऱ्याच्या पापात भागीदार झालो, असं त्यांना वाटे, आणि खरं सांगायचं तर झाल्याच होत्या.

असं महिनाभर चाललं. मग एका सकाळी दाभोळहून निरोप आला, आई अंथरुणाला खिळली आहे, लेकीला बघायचं म्हणते. उद्याच्या बोटीनं निघायला हवं होतं. दोन दिवस दोरांना पाणी मिळालं नाही, तर खाली झोपलेल्या नवऱ्याचं काय होईल? या घोरात बोचकं बांधता बांधता त्या दिवसाचं पाणीही राहून गेलं.

दुपारी दाजी आल्यावर त्या म्हणाल्या, "मी येयपरेंत तुमी ओटीवर झोपा."

"का? मी बांदलेल्या घरात मीच भायेर झोपू?"

"दोर ढिले झालेत. रोज मी पानी घालतंय म्हनून घर उबं हाय."

दाजीचा चेहरा लालबुंद झाला. "बाबल्यावानी तूपन हात लावलंस काय?"

"बाबल्यानं लावला नव्हता, आनि मीपन आदी लावला नव्हता. वर जाऊन बगा."

तो तरातरा शिडी चढला. "बघ हं," म्हणून त्यानं चुलीवरच्या वाशाला दोन्ही हातांनी हिसका दिला. वासा सुटल्यासारखा घसरला. कौलं खळाखळा चुलीवर आली, शेजारचे दोन वासेही कलले. दाजीनं शिडीवरूनच कसाबसा वाशांखाली खांदा घातला. आता तो हलला असता तर सगळं छप्पर दोघांवर आलं असतं.

"हलू नका!" आवडाबाई ओरडल्या. त्यांनी घागर उचलली, चुलीशेजारच्या माळ्यावर चढून दोरांवर पाणी ओतलं. परत खाली, परत घागर. अशा चार घागरी झाल्या. मग वाट बघण्यावाचून हातात काही नव्हतं.

भात शिजायला लागतो तेवढा वेळ दाजी खांद्यावर घर घेऊन उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढं, वीतभर अंतरावर, त्याचीच गाठ होती. ती पाणी पीत होती, हळूहळू फुगत होती, आवळत होती. खांद्यावरचा भार थोडा थोडा कमी होत गेला. आवडाबाई म्हणायच्या, ह्येंच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

"आट दिवस उनात व्हता मचवा," दाजी वरूनच म्हणाला. "मी बगितलं नाय गो."

आवडाबाईंनी दिलेले बांबूचे टेकू वाशांना लावून तो खाली उतरला आणि अंगावरची माती न झटकता बाहेर पडला. काशीरामाच्या खुंट्या पुढं आल्या, आवडाबाईंना आईही जिवंत भेटली. पण त्या दुपारी दाजी गेला तो थेट बाबल्याच्या दारात. त्याला धरून धरून घरी आणलं, चुलीपाशी उभं केलं आणि न भिजलेला एक दोर दाखवला.

बाबल्यानं काठी उंचावून दोर हलवला. गाठ पक्की, दोर मोकळा.

"माझीच चूक व्हती," दाजी म्हणाला. "तू हात लावला नव्हतास."

"नव्हता लावला?" बाबल्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू येवड्या खात्रीनं बोललास दाजी, मना वाटलं, लावला आसंल. तीन वर्सं मी बायकोला सांगतोय, माझा पाय माझ्याच हातानं गेला."