फेस मोडायचं औषध

“लाळ गळू द्या बाबा, लाजायचं कशाला? आम्ही तर तुम्हाला आतूनच बघायलोत.”

असं म्हणत मावशी पेशंटच्या गालाखाली आपला डावा तळवा ठेवायच्या. तुमच्यापैकी कुणी पोटाची दुर्बिणीची तपासणी करून घेतली असेल, तर ती वेळ आठवेल. तोंडात नळी, डोळ्यांत पाणी आणि कुणाचा तरी हात. आमच्या दवाखान्यात तो हात आयाचं काम करणाऱ्या मावशींचा असे. मी तिथला तंत्रज्ञ. डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून दुर्बीण सांभाळतो, जठरात पाणी मारतो. मावशी पुंडलिकनगरहून रिक्षानं सातलाच हजर व्हायच्या.

एकदा पैठणकडचे एक मिशाळ पाटील नळी बघूनच ताडकन उठून बसले. मावशी म्हणाल्या, “पाटील, एवढ्या लांबून एसटीत उभं राहून आलात. आता वीतभर नळीच राहिलीय, तेवढी जाऊ द्या की.” पाटील हसले आणि हसता हसता आडवे झाले.

एका बाबतीत मात्र त्या कुणाचंच ऐकत नसत. जठरात फेस असतो. तो मोडायला तपासणीआधी एक औषध पाजतात आणि दहा मिनिटं थांबतात. मगच दुर्बिणीच्या टोकाचा उजेड आतल्या अस्तरावर नीट पडतो. आधी पांढरा उजेड, मग बटण दाबून निळा. निळ्यात बिघडलेली जागा तपकिरी दिसते. हे औषध पाजायचं काम मावशींचं. डॉक्टर घाई करू लागले की त्या घड्याळाखाली उभ्या राहायच्या. “अजून चार मिनिटं, साहेब. फेसावर उजेड पाडून काय दिसंल?” डॉक्टर निमूट थांबत.

गेल्या वर्षी त्यांचंच पोट दुखू लागलं. ब्लाऊज ढगळ झाले. दवाखान्यातल्या माणसाची तपासणी सगळ्यांत शेवटी, जाता जाता उरकायची, अशी आमच्याकडे रीत. त्या दिवशी यादी लांबली होती आणि डॉक्टरांना निघायचं होतं. मावशी पदर खोचून टेबलावर आडव्या झाल्या.

“भाऊ, माझं औषध?”

“राहू द्या मावशी, पाणी मारून घेऊ. दोन मिनिटांचं काम,” मी हळूच म्हणालो.

दुर्बीण आत गेली. पडद्यावर साबणासारखा फेस. मी पाणी मारलं, थोडा हलला, पुन्हा जमला. डॉक्टरांनी विचारलं, “औषध दिलं होतं ना?”

मी म्हणालो, “हो.”

नाही म्हटलं असतं तर ते थांबले असते. एवढीच गोष्ट. मावशींच्या तोंडात नळी होती. त्यांनी फक्त डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं.

“थोडी सूज आहे,” डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

सात महिन्यांनी मावशींना अन्न उतरेना. या वेळी औषध मी स्वतः पाजलं, घड्याळ लावून. पांढऱ्या उजेडात एक खोलगट, लालसर जागा दिसली. डॉक्टरांनी निळा उजेड केला आणि पडदाभर तपकिरी डाग पसरला. माझ्या हातातून पाण्याची सिरिंज खाली पडली. डॉक्टरांनी जुने फोटो काढले. नेमक्या त्याच जागी पांढरे बुडबुडे होते.

“फेसाआड होतं,” ते पुटपुटले. “माझ्या लक्षात कसं आलं नाही?”

मी खाली वाकून सिरिंज शोधू लागलो.

कॅन्सर होता आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. मी पुंडलिकनगरला मावशींच्या घरी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. मुलगी चहा ठेवायला आत गेली आणि मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात, ते ऐकलं मी.”



“मग बोलला का नाहीत, मावशी?”

“दुसऱ्या दिवशी सांगणार होते साहेबांना. पण म्हणलं, सूजच तर निघाली. उगं तुमची नोकरी कशाला घालवू?” त्या दम घ्यायला थांबल्या. “मला काय सांगू नका आता. साहेबांना सांगा. काल आले होते ते, रडले इथं बसून. त्यांना वाटायलंय, त्यांच्याच नजरंतून सुटलं.”

“उद्याच सांगतो,” मी म्हणालो.

उद्या गेला, परवा गेला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी डोळे तपासून घेतले, नवा चष्मा केला. पडद्याला नाक लागेल इतके ते पुढे वाकू लागले. एकेक फोटो तीनतीनदा बघू लागले. मी शेजारी उभा राहून पाणी मारत होतो.

आठव्या दिवशी त्यांच्या खोलीच्या दाराशी पोचलो, तेव्हा खिशातला फोन वाजला. मावशींची मुलगी होती. “काका, आई गेली.”

मी दार ढकललं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मावशींना माहीत होतं?”

“हो. तुम्हाला सांगा म्हणाल्या.”

“कधी म्हणाल्या?”

“आठ दिवस झाले.”