हरेशच्या होडीचा चिकट जोड

मी जोडावर अंगठा टेकवला, तो चिकटला.

"चार दिवस झालं मावशी, वाळत नाय," हरेश म्हणाला.

शिरगावच्या किनाऱ्यावर, ताडपत्रीखाली त्याची लाकडी होडी उलटी ठेवली होती. तळाची कुजलेली फळी काढून त्याने नवी बसवली होती. सांध्यावर काचेचं कापड आणि ते धरायला इपॉक्सी. नारळी पौर्णिमेला बारा दिवस उरलेले. होडी तयार झाली नाही तर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जावं लागणार होतं.

बोईसरच्या रेझिन कंपनीच्या लॅबमध्ये माझा जन्म गेला, म्हणून बोलावणं.

"हार्डनर किती घातलास?"

"जरा चढताच. लवकर सेट व्हावा म्हणून."

"डब्यावर काय लिहिलंय?"

"डबा कोण वाचतो!"

"माझं तरी कुठं ऐकतो?" मागून त्याची बायको जयवंती.

हरेश पूर्वी फायबरच्या होड्यांच्या शेडमध्ये होता. तिथला रेझिन पॉलिएस्टर. त्यात कॅटलिस्टचे थेंब थोडे वाढवले की तो लवकर घट्ट होतो. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर ठरल्या प्रमाणात जोडीने बांधले जातात. जास्तीचा हार्डनर बिनजोडीचा राहतो आणि सगळं चिकट ठेवतो.

मी रागावले नाही. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी हेच केलं होतं. केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास, मान अशी ताठ की पट्टा लावलाय वाटावं. सरांना सॅम्पल घाईत हवं होतं. मी हार्डनर दुप्पट घातला. वर "टेकून बघा सर, दगड झालाय!" सरांनी कोपर टेकवलं.

"मग?" जयवंतीचे डोळे चमकले.

"आधी खरवडा."

चिकट थर पटाशीने काढला, थिनरने पुसला, लाकूड लागेपर्यंत घासलं. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही, म्हणून दोन दिवस हॅलोजन दिव्याच्या उबेत सुकवलं. जयवंतीने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. डब्यावरच्या प्रमाणात तोलून रेझिन आणि हार्डनर थोडंथोडंच कालवलं, तेही पसरट ताटलीत. मगभर कालवलं तर ते आपल्याच उष्णतेने धुमसतं.

दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर. हरेशने त्यावर बोट फिरवलं.

"गेलं परत!"

"नाही रे. दमट हवेत येतो तो. नख लावून बघ, खाली घट्ट आहे. पाण्याने धू, घास, मग दुसरा हात दे."

आठवडाभर जोडाला कोणी हात लावला नाही. मग होडी सुलटी करून ठोकळ्यांवर ठेवली, आत बादल्या ओतल्या आणि खालून जोडाला वर्तमानपत्र दाबून धरलं. अर्ध्या तासाने जयवंतीने कागद गालाला लावून पाहिला.

"कोरडा हाय!" मग हळूच, "आणि सरांचं कोपर?"

"बाही कापून सोडवलं."

पौर्णिमेला नारळ वाहून हरेश आपल्याच होडीतून गेला.

डबा वाचायला अर्धं मिनिट लागतं. ते शिकायला हरेशला चार दिवस लागले; मला सरांचा नवा शर्ट लागला. पोरगा माझ्यापेक्षा हुशार आहे.