मापाड्याच्या गाडीचं तेल

स्प्रिंग दाबून धरायचं काम माझ्याकडे होतं आणि नेमका तेव्हाच मी शिंकलो.

शिकंजा सटकला, स्प्रिंग उसळली. गाडीच्या इंजिनात वॉल्व्हच्या दांडीला चिमटून बसणाऱ्या दोन इवल्याशा लोखंडी पाकळ्या असतात, मिस्त्री त्यांना लॉक म्हणतात. त्यातलं एक तोतारामनानांच्या धोतराच्या निऱ्यांत सापडलं. दुसरं अंगणात वाळत घातलेल्या तुरीत गेलं असावं. नानांनी मात्र तुरीकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं.

"खिसा उलटा कर."

"नाना, कणीएवढं लॉक घेऊन मी काय करू?"

"तेच मी विचारून राहिलो तुले."

खिसा उलटा केला. बसची दोन तिकिटं निघाली, तीही त्यांनी वाचून पाहिली. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सगळ्या तुरीतून फिरवलं. खिळे निघाले, लॉक निघालं नाही. खिळे पाहून तूर कुणी विकली आणि वजन वाढवायला त्यात कोणी काय टाकलं, हा वेगळाच तपास सुरू झाला. शेवटी नानांच्या पत्नी कुंदाबाई घरातून म्हणाल्या, "ते खिळे मागच्या वर्षी मांडव काढताना तुम्हीच सांडले." तपास तिथे थांबला.

तोतारामनाना असोद्याच्या कापसाच्या काट्यावर मापाडी. शेतकरी कापसाला पाणी मारून आणतो आणि व्यापारी काट्याखाली पाय लावतो, अशी दोन्हीकडे नजर ठेवण्यात हयात गेलेली. संशय त्यांच्या स्वभावात होता की धंद्यात, हे कुंदाबाईंनाही सांगता आलं नसतं. सरकारी दवाखान्यात वजन केलं तर म्हणायचे, "डॉक्टरचा काटा भारी शे." शेजारणीनं उसनी नेलेली साखर परत केली की वाटी तळहातावर तोलून पाहायचे. पण काट्यावर त्यांनी पुकारलेला आकडा म्हणजे आकडा. त्यावर कोणी हूं की चूं करत नसे. पुकारलेला आकडा मापाडी मागे घेत नाही. घेतला तर त्याचा काटा संपला, असा या धंद्यातला रिवाज.

त्यांच्याकडे शंभर सीसीची जुनी फोर-स्ट्रोक गाडी होती. सकाळी सुरू केली की निळा धूर सोडायची. नानांनी इंजिनात तेल ओतताना तोललं होतं, बदलताना निघालेलंही तोललं. निम्मंच भरलं. खाली थेंबाची गळती नाही. गाडी उभी राहते दोनच ठिकाणी, एक स्वतःच्या ओट्यापुढे आणि दुसरी रमजान मिस्त्रीच्या दुकानापुढे. ओट्यावर तर ते स्वतः बसलेले असतात. झाला हिशेब. ऐन हंगामात, कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, नाना काट्यावरून बोलून गेले: "रमजान तेल काढतो."

आकड्यासारखंच लोकांनी तेही धरलं. आठवड्यात रमजानच्या दुकानापुढच्या गाड्या आटल्या. पोरं पंक्चर काढायलाही जळगावला जाऊ लागली.

रमजान एकदा येऊन सांगून गेला होता, की नाना, वॉल्व्हची रबरी सीलं कडक झालीत, तेल दांडीवरून आत उतरतं आणि जळतं, तोच निळा धूर. नानांचं म्हणणं, चोर नेहमी धुराचंच नाव सांगतो. पण रात्रंदिवस ते मनाला लागलं असावं, कारण एक दिवस मला बोलावून म्हणाले, "आपणच खोलू. माझ्या डोळ्यांनी पाहीन."

हत्यारं त्यांनी घरीच केली. सुताराकडून लाकडं आवळायचा शिकंजा आणला. नळाच्या लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा कापून त्याला कानशीनं खिडकी पाडली. सायकलचा आरा ठोकून चपटा केला. इंजिनाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, उतरवण्याआधी प्रत्येक भागाला लेकीच्या माहेरी राहिलेल्या नेलपॉलिशचा ठिपका दिला, मी काही बदलू नये म्हणून. वॉल्व्ह खाली सरकू नये यासाठी हेडच्या पोकळीत बाभळीचा ठोकळा. स्प्रिंगवर पाइप ठेवायचा, शिकंजा आवळायचा, स्प्रिंग दबली की खिडकीतून ग्रीस लावलेल्या आऱ्यानं लॉक उचलायचं. जुगाड झकास होता. त्यात शिंकणाऱ्या माणसाची सोय तेवढी नव्हती.

लॉकसाठी जायचं कुठे? जळगावची दुकानं त्या दिवशी बंद. मी रमजानकडे गेलो. तो रिकाम्या दुकानात पान्हे पुसत बसला होता, पुसलेलेच पुन्हा पुसत होता. मी सांगितलं तेव्हा त्यानं डबीतून लॉकची जोडी काढून उजेडात माझ्यासमोर धरली.

"नीट बघ, नवी आहे. एक जुनं एक नवं लावाल आणि उद्या पुन्हा माझ्याच नावानं शिमगा."

मी पैसे काढले, तर म्हणाला, "राहू दे. सीलं पाहून खरं निघालं तर नानाला म्हण, काट्यावर आकडा पुकारतो तसं एकदा पुकार, रमजाननं तेल काढलं नाही. नावानिशी पुकार."

मी निरोप सांगितला, तोवर नानांनी हेड पुढ्यात ओढलं होतं. जुनं सील काढून त्यांनी नखानं दाबलं. दबेना. वाळलेल्या बोराच्या सालीसारखं कडक झालं होतं. आधीच आणून ठेवलेलं नवं तेलात बुडवून दांडीवर अंगठ्यानं बसवलं, चिमटा काढावा तसं ते गच्च बसलं. या वेळी माझ्या नाकाला त्यांनी रुमाल बांधला होता.

गाडी जुळवून सुरू केली तेव्हा त्यांनी मूठभर पांढरा कापूस सायलेन्सरपुढे धरला. थोडा धुरकटला, तेलकट झाला नाही. नानांनी तो मग शेजाऱ्यालाही दाखवला, स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा नाही म्हणून.

पण वजनाशिवाय त्यांचं समाधान कुठलं? तेल तोलून ओतलं. लेकीच्या सासरी नरडाण्याला फेऱ्या झाल्या. आणि मुद्दाम, गाडी दुपारी रमजानच्या दुकानापुढे उभी करायची, पूर्वीसारखी. मी पहाऱ्याला. मी रमजानकडे पाहत बसायचो, रमजान माझ्याकडे. मी काही काढून त्याच्या नावावर घालीन अशी त्याला धास्ती. तरी चहा पाजायचा.

महिना संपल्यावर नानांनी तेल काढलं आणि घरी तोललं. कुंदाबाईंनी पाहिलं, ते दोनदा तोलत होते. वजनं किराणा दुकानातल्या वजनांशी ताडून आणली, मग तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्याच तेलाचा डबा त्यांनी काट्यावर नेला. कापसाच्या गाड्या थांबवल्या. हातातली तागडी उचलली, पारडं स्थिर होईपर्यंत श्वास धरला, आणि ओतलेल्या तेलाचा आकडा पुकारला. मग निघालेल्या तेलाचा. फरक चमचाभर, तो भांड्याला लागलेला. रांगेतले शेतकरी एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे मिस्त्री..." नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची गाडी काट्यावर घ्यायला सांगितली.

संध्याकाळी रमजानच्या दुकानापुढे तीन गाड्या होत्या. त्यातली एक नानांची, ब्रेक आवळायला आणलेली. रमजाननं ब्रेक आवळले आणि चाक फिरवून पाहत म्हणाला, "आकडा ऐकला, नाना. नाव नाही ऐकलं."

"आज घसा बसला होता," नाना म्हणाले. गाडीला किक मारली, मागे वळून धूर पाहिला आणि गेले.

हंगाम संपला, दुसरा सुरू झाला. घसा अजून सुटलेला नाही. रमजान विसरलेला नाही.