करवंटीचा तुकडा

परवा दसऱ्याला पार्किंगमध्ये नव्या गाडीपुढे नारळ फोडला आणि त्या ओल्या, गोडसर वासाने मला जर्मनीत आल्यानंतरची एक सकाळ आठवली. पाइनच्या जंगलात आमच्या कंपनीचा गाड्यांच्या चाचणीचा लंबगोल ट्रॅक होता, वळणावर भिंतीसारखा उभा. त्या भिंतीवर रेसची गाडी चढली की तिचा आवाज छातीत घुमायचा. त्या दिवशी वेगाचा विक्रम करायचा होता. कुठलंही मशीन सुरू करताना नारळ फोडायची पुण्याच्या कारखान्यातली सवय माझ्या अंगात होती. कुणी नाही असं बघून मी ट्रॅकवरच नारळ फोडला आणि तुकडे गोळा केले. एक राहिला. भर वेगात, वळणावरच मागचा टायर फुटला. ड्रायव्हर कसाबसा वाचला, विक्रम मात्र गेला. टायरमधून टोकदार तपकिरी तुकडा निघाला. "लाकूड दिसतंय. ट्रॅक कोणी झाडला होता?" साहेबांनी विचारलं. "मीच," आमचा म्हातारा मेकॅनिक म्हणाला, "काय करणार, डोळे गेले आता माझे." मी करवंटी ओळखली होती, तरी गप्प राहिलो. तो म्हातारा पुन्हा कधी ट्रॅकवर आला नाही. परवा मी गुडघे टेकून एकेक तुकडा वेचत होतो. "अहो, पुरे की! इथे कोण अनवाणी येतंय?" बायको हसली. मग तिला सगळं सांगितलं. "आहेत का ते मेकॅनिक अजून?" तिने विचारलं. "आहेत. पलीकडच्याच गावात." तिने नव्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.