विंगेतला पहिला शब्द

वहिनींचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात नुकतीच येऊन बसले होते. ‘ताई, तुमचे भाऊ गेले,’ त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढं सांगितलं, ‘पण माह्यासंग बोलून गेले.’ दुसऱ्या कुणाला हे विचित्र वाटलं असतं, मला वाटलं नाही. मनोहरभाऊ निकुरे वर्षभर अर्धांगवायूनं खाटेवर होते, आणि त्या वर्षात त्यांच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न औषधपाण्याचा नव्हता, बोलण्याचा होता. त्या फोनला आता महिना होऊन गेला. ‘बोलून गेले’ हे दोन शब्द रोज एकदा तरी आठवतात, आणि मग अख्खे भाऊच आठवत राहतात…

भाऊ वडशाजवळच्या एका गावचे. दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचे आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम. नाटकांच्या जाहिराती जुळवता जुळवता त्यांचा मराठी टायपिंगवर चांगला हात बसला होता, म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी त्यांना कामावर घेतलं. मी तेव्हा शिकून नुकतीच परतले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आलापल्लीकडच्या एका लाकूड डेपोसाठी मी प्रोग्राम लिहिला होता. सागाच्या ओंडक्याची लांबी, गोलाई, तो कुठल्या थप्पीत रचलाय, सगळं कॉम्प्युटरवर. प्रोग्राम चोख होता, फक्त तो कुणी वापरत नव्हतं. मदतीसाठी मी ढीगभर मजकूर लिहिला होता. एक बटण दाबलं की पानंच्या पानं पडद्यावर यायची. ती टाइप करायचं काम भाऊंकडे दिलं, तर अर्ध्यावर त्यांनी हात थांबवले.

‘ताई, हे कोन वाचन?’

‘ज्याचं अडेल तो वाचेल.’

‘ज्याचं अडलं त्याले वाचाचं सुचते का? स्टेजवर नट अडकला त मी त्याले अख्खा अंक वाचून दाखवतो का? पयला शब्द देतो. बाकीचं त्याच्याच पोटात असते.’

माझं डोकं फिरलं. नाटकवाल्यानं मला प्रोग्राम शिकवावा हे काही पचेना. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना त्याचं काही नव्हतं, तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वडशाला तालमीलाच बोलावलं. दुपारची तालीम. भाऊ विंगेच्या कडेला बुटक्या स्टुलावर, मांडीवर संहिता उघडी, पण डोळे सारखे नटावर. मध्येच नायक थांबला, चांगलाच थांबला. मला वाटलं, विसरला हा. मी भाऊंकडे वाकले तर त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. नायकानं सावकाश मान उचलली आणि वाक्य असं टाकलं की माझ्या अंगावर काटा आला. थोड्या वेळानं दुसरा एक जण पापणी लवायला लागेल इतकाच थांबला, तर भाऊंनी शब्द देऊनही टाकला होता. कसं कळतं तुम्हाला, मी विचारलं.

‘थांबला म्हंजे अडकला असं नसते, ताई. इचार करनाऱ्याचा हात शांत असते. अडकलेल्याचा हात काई ना काई चाळा करून राह्यते. धोतर ओढते, मिशी चाचपते. मी तोंडाकडं पाहतच नाई.’

मग भाऊ डेपोत जाऊन बसले. कारकुनांच्या पाठीमागं, कित्येक दिवस, काही न बोलता. परत आले ते खुशीत. ‘इथी धोतर नाई, माऊस हाये,’ म्हणाले. कागदावरचा आकडा वाचणारा माणूस माऊसवर हात ठेवून गप्प असतो. ज्याला पुढचं सुचत नाही तो माऊस उगाच गरगर फिरवतो, एखादा मेनू उघडतो, तसाच बंद करतो. आम्ही तेच प्रोग्रामला शिकवलं. माऊस शांत असेल तर मदतीनं गप्प राहायचं. तो भरकटायला लागला की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पहिला शब्द द्यायचा, ‘आधी…’. तरी भरकटला तर, ‘आधी थप्पी…’. बस, यापुढं नाही. चुकलं हा शब्द त्यांनी कुठंही येऊ दिला नाही. अर्धवट वाक्यं पाहून लोक आम्हाला अर्धवट म्हणतील, असं म्हणत मी भांडले. भाऊ म्हणाले, म्हणू दे. आज सांगते, माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम. त्यातलं मोठं डोकं त्यांचं होतं.

अर्थात डेपोवालेही काही कच्चे नव्हते. तिथले जुने कारकून देवाजीभाऊ, त्यांनी आठवड्याच्या आत गोम ओळखली. प्रत्येक पायरीला ते वरण घोटावं तसा माऊस घोटायचे आणि शब्दाची वाट बघत बसायचे. मी विचारलं तर सरळ म्हणाले, ‘हालवला का सांगते न ते. मंग पाठ कायले करू?’ मी संतापले, भाऊ मात्र पोट धरून हसले. त्यांच्या नाटकातले काही नायक असेच. नक्कल, म्हणजे आपल्या वाट्याची वाक्यं, पाठ करायची नाहीत आणि सगळा प्रवेश विंगेला चिकटून करायचा. त्यावर भाऊंचा उपाय ठरलेला होता. दर प्रयोगाला ते आपलं स्टूल थोडं मागं सरकवायचे. शब्द जरा उशिरा यायचा, जरा हळू यायचा, आणि नटाच्या नकळत त्याची नक्कल पाठ होऊन जायची.

‘आपलं मशीनबी मांगं सरकलं पाह्यजे,’ भाऊ म्हणाले. तेव्हा आम्ही ज्याच्या त्याच्या नावावर हिशेब ठेवला. एक पायरी नीट पूर्ण केली की पुढच्या वेळी त्या पायरीचा शब्द जरा उशिरा येणार. होता होता येणारच नाही. पावसाळा लागायच्या आत देवाजीभाऊ सगळा माल कॉम्प्युटरवर एकटे चढवायला लागले, आणि भेटले की तक्रार करायचे, ‘तुमचा कॉम्प्युटर मुका झाला, मनोहरभाऊ. काई कामाचा नाई राह्यला.’ भाऊ गंभीर चेहऱ्यानं, पाहतो म्हणायचे. आम्ही त्यांना कधीच सांगितलं नाही.

…आणि मग गेल्या वर्षी भाऊच अडकले. उजवी बाजू गेली. समजत सगळं होतं, शब्द तेवढा ओठांवर येत नव्हता. मी गावी गेले तेव्हा खाटेभोवती माणसं होती. भाऊंनी तोंड उघडलं की चारी बाजूंनी सुरू व्हायचं, पाणी? चहा? बाहेर नेऊ? कूस वळवू? सगळ्यांची माया होती, पण त्या मायेत त्यांना एक शब्द पुरा करता येत नव्हता. शेवटी ते डोळे मिटून घ्यायचे. ‘बाबा आता बोलतच नाई,’ मुलगा म्हणाला. वहिनी आत चुलीपाशी रडल्या. ‘जिंदगीभर लोकायले शब्द देल्ले त्यायनं. आता माह्यासंगबी बोलत नाई. मले वाटते, असेच जाईन ते.’

मी खाटेपाशी बसले. भाऊंनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं. ‘त्या…’ म्हणाले. त्यांचा डावा हात चादरीवर होता, अगदी शांत. वहिनी काहीतरी सुचवणार होत्या, मी बोट वर केलं. वाट पाहणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. हात शांतच होता. मग बोटं हलली आणि चादरीची दशी ओढायला लागली. माझ्याकडं बघून ‘त्या’ म्हणतायत म्हणजे डेपोतल्याच कुणाचं तरी काही असणार. मी एवढंच म्हटलं, ‘देवाजी…’

‘देवाजी… बोंबलते का अजून?’

अख्खं वाक्य. मी हसायला लागले आणि हसता हसताच रडले. भाऊंचा अर्धा चेहरा हसत होता.

निघताना वहिनींना सांगितलं, तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा. हात शांत असेल तर काहीही झालं तरी बोलायचं नाही. चाळा सुरू झाला की एकच शब्द द्यायचा. ‘अन् शब्द चुकला त?’ त्यांनी विचारलं. ते मान हलवतील, मग दुसरा द्या, मी म्हटलं. पुढं फोनवर त्या सांगायच्या, राहवत नाही ताई, तोंडातून निघूनच जाते. मग हळूहळू त्यांना राहवायला लागलं.

त्या सकाळच्या फोनवर वहिनींनी जे सांगितलं ते असं. आदल्या दिवशी भाऊंना भरवून त्या ताट घेऊन उठल्या, तर भाऊंनी डाव्या हातानं त्यांचा पदर धरला. ‘हात शांत होता, ताई. म्हनून मी काईच बोलली नाई, बसून राह्यली. लय येळ बसली. मंग म्हनले, तू जेवली का? मी एकबी शब्द देल्ला नाई.’

डेपोत आता नवी मशीन आली, नवा प्रोग्राम आला. जुनं मशीन माझ्या ऑफिसच्या कोपऱ्यात पडून आहे. परवा ते सुरू केलं. शब्द देणारी आमची ती शिकवणी उघडली तर तिनं नाव विचारलं. प्रोग्राम माझाच, त्यामुळं मला शिकवणीची गरज कधी पडलीच नव्हती. मी माझं नाव घातलं. ओंडक्याची कोरी नोंद समोर आली. मी माऊसवर हात ठेवून बसले, भाऊंचा विचार करत. पडदा गप्प होता, तसंच ठरलं होतं आमचं. माझा हात केव्हा गरगर फिरायला लागला ते कळलं नाही. खालच्या कोपऱ्यात शब्द आला… ‘आधी…’

किती पटकन आला. माझ्या नावापुढं त्यांचं स्टूल अजून विंगेच्या अगदी कडेला आहे. पायरी पुरी केली असती तर ते जरा मागं सरकलं असतं. मी ती पुरी केली नाही.